चाकं काढलेलं घर

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या घरी चूल पेटायच्या आधी परात मांडली जायची. पितळेची, मोठी, काठाला एका जागी चेपलेली. तीत बोटभर पाणी ओतायचं आणि मामांनी तिच्यासमोर उकिडवं बसायचं. पाणी ज्या काठाला जास्त चढेल, त्या अंगाच्या चाकाखाली जाऊन दगड सरकवायचा. परत आत येऊन पाणी बघायचं, परत बाहेर जायचं. मामी काटक्या हातात धरून कोपऱ्यात थांबलेल्या असायच्या.

"झालं का?"

"लेव्हल लागू दे."

पाणी चारी अंगांनी सारखं उभं राहिलं की मामा त्याच पाण्यानं तोंड धुवायचे आणि मग काडी ओढली जायची. घर कललेलं असलं की डाळ एकाच अंगानं शिजते, असं त्यांचं म्हणणं. मी बी. ए. झालेला माणूस आहे. आष्ट्याच्या आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं मी बी. ए. आहे हे मी जरा वरचेवर सांगतो, ते वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं. डाळीचं हे शास्त्र मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. पण खोटं आहे असंही मी आता म्हणत नाही.

घराच्या चाकाखाली दगड कसले, असं कुणालाही वाटेल. मामा सरकारी रस्त्यावर इंजिन चालवायचे. खडी दाबायचं वाफेचं इंजिन, पुढं भलंथोरलं लोखंडी चाक. शेजारून चालणारा माणूस त्याच्या पुढं निघून जाईल, इतकं ते सावकाश चालायचं. काम रोज पुढं सरकणार, मग माणसानं राहायचं कुठं? म्हणून इंजिनाच्या मागं एक लाकडी खोली जोडलेली असे. चार लोखंडी चाकं, वर पत्रा, एक दार, दोन खिडक्या. तिला सगळे डबा म्हणत. मामांनी तीस वर्षं सातारा-सांगलीकडचे रस्ते दाबले आणि तीस वर्षं ते डब्यात राहिले. मामी लग्न होऊन आल्या त्या माप ओलांडून डब्यातच. त्यांची एकुलती एक मुलगी शेवंता, म्हणजे माझी बायको, आधी मैलांचे दगड वाचायला शिकली आणि मग उजळणी.

नोकरी संपल्यावर मामा रहिमतपूरला गेले. तिथं वडिलार्जित दोन खोल्या होत्या, धाकटा भाऊ राहायचा. तिथं त्यांनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी ते मामींना म्हणाले, "हितं सकाळी दार उघडलं की कालचंच दिसतंय."

एका ठेकेदाराकडं मोडीत निघालेला डबा पडून होता. तो त्यांनी आणला. सडकी फळी काढून सागाची बसवली, जड पत्रा काढून हलका घातला आणि इंजिनाच्या जागी बैलजोडी जुंपली. आत एक बाकडं, त्याखाली धान्याचे डबे, कोपऱ्यात चूल आणि धूर जायला पत्र्यात भोक. दारात मात्र उंबरा होता. चांगला वीतभर उंच, त्याला हळदीकुंकू. "उंबऱ्याबिगर घर म्हंजे खोकं," असं मामी म्हणायच्या. तो त्यांनीच बसवून घेतला होता.

वर्षाची त्यांची वाट ठरलेली. पावसाळ्यात रहिमतपूरला भावाच्या खळ्यावर. दसऱ्यानंतर निघून हिवाळा कृष्णेच्या काठाकाठानं, पार सांगलीपर्यंत. आणि ऊन तापायला लागलं की वाईवरून घाट चढून वर, महाबळेश्वराच्या अलीकडं. घाटाला दुसरी जोडी भाड्यानं घ्यावी लागे. रस्त्यावरच्या लोकांना ते माहीत झालेले. गावोगावची माणसं विचारत, "यंदा लवकर निघालासा?" आणि मामा थांबून त्या गावच्या रस्त्याची चौकशी करत, माणसांची नंतर. नवा माणूस भेटला की गाव विचारायचे नाहीत. "कंच्या रस्त्यावरचं?" असं विचारायचे. मी आष्ट्याचा म्हटल्यावर मला म्हणाले होते, "हां. वढ्याच्या पुढं वळान हाय, खाली काळी माती. दरसाल दबती. मी तीनदा उचललीय." आमच्या गावाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं आणि ते अगदी खरं होतं.

लढाईच्या त्या वर्षांत भूमिगतांच्या शोधात आमच्या भागात वाटोवाटी पोलीस उभे असत. एकदा एका जमादारानं डबा अडवला आणि आत कोण लपलंय म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "बायको हाय. पर ती लपल्याली न्हाई, पोळ्या लाटतीय." जमादार आत शिरला. झडती झाली. निघताना त्याच्या हातात पुरणाची पोळी होती आणि मामा त्याला सांगत होते की तुमची चौकी उताराला बांधलीय, पावसाळ्यात आत पाणी येईल. आलंही म्हणे.

वरची ती उन्हाळी वस्ती मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसू आलं होतं. एका शेतकऱ्याचा बटाटे काढून मोकळा झालेला सपाट माळ, बांधापलीकडं त्याची स्ट्रॉबेरीची चार वाफ्यांची हौस. माळावर सहा-सात बिऱ्हाडं, सगळी निवृत्त माणसांची. पलटणीतून आलेले एक सुभेदार, त्यांनी छकड्यावर तंबू शिवून घेतलेला. एक सुईणबाई, जिनं अर्ध्या कोरेगाव तालुक्याला हातावर झेललेलं. आणि सांगलीचे एक म्हातारे कंपौंडर, बायकोसह, झाकलेल्या बैलगाडीत. हे कंपौंडर सांगलीत माझ्या खोलीचे मालक. मी तिथं शाळेत मास्तर होतो, शनिवारी आष्ट्याला जायचो.

या वस्तीचा एक रिवाज होता, तो मामांनी घातलेला. सगळ्या गाड्यांची दारं मधल्या चौकाकडं. कुणाचं कुणाशी बिनसलं तर तोंडानं भांडायचं नाही, आपली गाडी फिरवून दार बाहेरच्या अंगाला करायचं. मग बाकीच्यांनी समजून घ्यायचं आणि कुणीतरी मध्यस्थीला जायचं. राग गेला की गाडी परत फिरवायची. आता डबा फिरवायचा म्हणजे बैल जुंपा, दगड काढा, फिरवा, परत दगड घाला, परत परात मांडा. "म्हनून भांडनं कमी हुत्यात," मामा म्हणायचे. "निम्मा राग बैल सोडून आणंस्तवर जातो." सुभेदारांचा तंबू हलका होता, त्यामुळं त्यांचं दार मात्र आठवड्यातून दोनदा फिरायचं.

कंपौंडरांनीच माझ्यासाठी शेवंताचं नाव सुचवलं. आबा, म्हणजे माझे वडील, चुलते आणि मी असे तिघं मुलगी बघायला वर गेलो. आबांना एवढंच सांगितलं होतं की मुलीचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत आणि उन्हाळ्यात महाबळेश्वराकडं हवापालटाला असतात. यात खोटं काही नव्हतं. आबा कोसापट्टीचा नवा फेटा बांधून आले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर बंगला असणार.

आबांनी डब्याला एक फेरी मारली. बाजारात बैलाभोवती मारतात तशी. चाकावर चपलेचं टोक आपटून बघितलं.

"आन घर?"

"ह्येच की," मामा म्हणाले.

"ह्ये दिसतंय. घर इचारतोय मी."

"रहिमतपुरात दोन खोल्या हायत, भाऊ ऱ्हातो. या, आत बसा पावणं. च्या होतोय."

"म्हंजे तुमी बिऱ्हाड घिऊन फिरताय."

"फिरत न्हाई. रस्त्यानं ऱ्हातो."

माझे चुलते तोंडाचे तिखट. ते म्हणाले, "उद्या सुनंला न्यायला मूळ धाडायचं झालं तर यायचं कुठं आमी? कितव्या मैलाला?"

मामांना त्यातला टोमणा कळलाच नाही. किंवा कळला आणि त्यांनी तो घेतला नाही. "पत्र टाकीन की," ते म्हणाले. "मैल लिवून कळवीन."

आम्ही आत बसलो. शेवंतानं चहा आणला. कप काठोकाठ भरलेले होते आणि बशीत थेंब सांडलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आहे. आबांनी विचारलं, "सैपाक येतो का?"

"येतो."

"चुलीवरचा?"

"चुलीवर, उनात, वाऱ्यात. घाट चढताना बी केलाय."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. मुलगी त्यांना आवडली, हे मला कळलं. मला तर ती आधीच आवडली होती. पण चहा झाल्यावर आबांनी कप खाली ठेवला आणि मांडीवर हात ठेवून बोलायला लागले. ते असे बसले की ठरवूनच बोलतात.

"पोरगी पसंत हाय. पर असं हाय पावणं, आमी जिमिनीवरची मानसं. चाकावरच्या घरातली सून आणली तर लोक म्हनतील, ना गाव ना शीव, अशात सोयरीक केली. तुमी ही चाकं काढा. रहिमतपुरात ह्ये खाली टेकवा, दारात मांडव घाला. मग माझी ना न्हाई."

मामींच्या हातातला पेला हातातच राहिला. मामांनी आधी शेवंताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तर, तुमाला काय म्हनायचंय?"

कॉलेजात वक्तृत्वाचा कप मी दोनदा जिंकलेला. तो आष्ट्याच्या घरात देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलेला आहे. मी म्हणालो, "वडील म्हणतील तसं."

"बरं," मामा म्हणाले. "काढतो."

आम्ही माळ उतरून वळणावर आलो तेव्हा मी मागं वळून बघितलं. मामांनी बैल जुंपले होते. डबा सावकाश फिरत होता. दार चौकाकडून निघालं, आमच्या वाटेवरून गेलं आणि दरीकडं जाऊन थांबलं.

रहिमतपूरला खळ्याच्या कडेला चार कोपऱ्यांत घडीव दगड रचून त्यांवर डबा टेकवला. मामांनी तो स्वतः टेकवला, एका दिवसात. लग्न झालं. मांडव दारात होता, वऱ्हाडाला नाव ठेवायला काही मिळालं नाही आणि आबा चार लोकांत ताठ बसले. चाकं गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती, वर गोणपाट.

आमच्याकडं मुलीच्या बापानं, तिला मूल होईपर्यंत, तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही अशी रीत आहे. आता फारसं कुणी पाळत नाही. तेव्हाही शहरात पाळत नव्हते. मामा पाळायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ते सर्व्हिस मोटारीनं आष्ट्याला येत. ओट्यावर बसत. फडक्यात स्वतःची भाकरी, सुभेदारांनी दिलेल्या पलटणीच्या बाटलीत स्वतःचं पाणी. आई दारातून म्हणायची, "आवं इवाई, घोटभर पानी तरी घ्या. उनातनं आलाय."

"नातवंड हू द्या, मग हंडा रिकामा करतो."

तासभर बसत. शेवंता उंबऱ्याच्या आत, ते बाहेर. काय बोलत होते कुणास ठाऊक, बहुतेक रस्त्यांचंच. दोनच्या मोटारीला उठून जात, कारण ती चुकली तर मुक्काम पडणार आणि मुक्काम म्हणजे जेवण आलं. एकदा मोटार आली तेव्हा शेवंताचं काहीतरी सांगायचं अर्धं राहिलं. ती म्हणाली, "आन मग काय झालं, दादा..." आणि मामा म्हणाले, "फुडच्या खेपंला सांग." मोटार धूळ उडवत गेली. ती तशीच दारात उभी.

मी तिला म्हणालो, "एवढं वाईट काय वाटून घेतेस. येतील की महिन्याभरानं."

ती म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय का, दादांनी डबा कशापायी ठेवला हुता?"

"फिरायला."

"ते हायच. पर मी ल्हान हुते तवापासनं म्हनायचे, तुझं लगीन झालं की घर घिऊन तुझ्या दारात यीन. माझी चूल, माझं पानी. रीत बी मोडायची न्हाई आन धा दिस तुझ्या दारात ऱ्हाता बी यील. दुसऱ्या कंच्या बापाला असं जमनार हाय, म्हनायचे." मग ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. चकचकीत घासलेली भांडी परत घासत होती.

आम्ही त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मुलगी द्यायची म्हणून त्यांनी चाकं काढली, आणि चाकं गेली म्हणून मुलगी लांब गेली.

मी रहिमतपूरला जाऊन आलो. मामा बारीक झाले होते. मामी म्हणाल्या, "दार उघडत्यात, बगत्यात, परत लावत्यात. दिसभर त्येच." मला सगळ्यात जड वाटलं ते परातीचं. दगडांवर टेकवलेलं घर हलत नाही, त्यातलं पाणीही हलत नाही. तरी मामा रोज सकाळी परात मांडून तिच्यासमोर बसायचे. बाकड्यावर वरच्या वस्तीचं पोस्टकार्ड पडलेलं होतं, सुभेदारांच्या ठळक अक्षरातलं: तुमची जागा रिकामी ठेवली आहे. दार आमच्याकडे करून यावे.

"जाणार का?" मी विचारलं.

"कशानं?" मामा म्हणाले. रागानं नाही, साधं विचारलं तसं.

शनिवारी मी आष्ट्याला गेलो. आबा उसाला पाणी देऊन पाय धूत होते.

"आबा, त्यांची चाकं परत बसवायची."

"कुनी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"लगीन लागलं, पोरगी घरात आली, आता काय मोडायचं हाय का सगळं?"

"तवा त्यांनी मला इचारलं हुतं. मी तुमच्याकडं बोट केलं. आता कुनी इचारलं न्हाई, तरी सांगतो. आपलं चुकलंय."

"मी काय त्याचं पाय तोडलं व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो. "तसंच केलंय."

वडिलांना उलट बोलायची माझी ती पहिली वेळ, आणि बी. ए.चा उपयोग मला त्यात काडीचा झाला नाही. आबांनी पाय पुसले आणि आत गेले. त्या दिवशी आणि रविवारीही माझ्याशी बोलले नाहीत. मी सांगलीला परतलो. पुढच्या शनिवारी आलो तर बैलगाडीत दोन पहारी, एक लांब वासा आणि शेजारच्याचा जॅक.

"बस," आबा म्हणाले. "तुला ठावं न्हाई त्या रस्त्यानं न्हेतो."

आम्ही सोमवारी रहिमतपूरला पोचलो. मी शाळेला रजेचा अर्ज वाटेतून पोस्टानं टाकला होता. मामांनी बैलगाडीतला जॅक बघितला आणि सगळं ओळखलं.

"जमायचं न्हाई," ते म्हणाले.

"का?"

"लेकीच्या लग्नात शबूद दिलाय."

"कुनाला?"

"तुमाला."

"मग माझ्याजवळच असंल न्हवं तो?" आबा म्हणाले. "माझ्याजवळची वस्तू मी कुनाला बी दीन."

आबांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि डब्यात बाकड्यावर जाऊन बसले. त्याच जागी, जिथं वर बसले होते. मांडीवर हात ठेवले. मामींकडं चहा मागितला, तो सगळा प्याले, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हितंच बसून बोललो हुतो. हितंच बसून माघारी घेतो. इवाई, माझं चुकलं."

माझ्या वडिलांना हे शब्द दुसऱ्यांदा म्हणताना मी ऐकलेलं नाही.

मामा उठून बाहेर गेले आणि डब्याखाली वाकून दगड बघून आले. मग म्हणाले, "फुडची डावी बाजू आदी उचलाय लागंल. तिकडं दगूड कच्चा हाय."

गोणपाट काढलं. चाकांच्या आसाला हात लावला तर आबांचा पंजा काळा झाला.

"ह्ये तर कालच तेल घातल्यागत हाय."

"कालच अमुशा हुती," मामी म्हणाल्या. "दर अमुशाला घालत्यात."

त्या उन्हाळ्यात डबा वर गेला. दार चौकाकडं करून उभा राहिला म्हणून सुभेदारांनी पेढे वाटले, असं कंपौंडरांनी कळवलं. पुढच्या वर्षी आबा "घाटाला जोडी लागंल, आपलीच देतो" म्हणून बैल घेऊन गेले. बैल पोचवून लगेच येणार होते. आले ते पंधरा दिवसांनी, आणि आल्यावर आईला सांगायला लागले की सुभेदार पत्त्यात लबाडी करतो.

आणि हिवाळ्यात, मामा म्हणाले होते तसे आष्ट्याला आले. आमच्या दारासमोर रस्त्यापलीकडं चिंचेचं झाड आहे. त्याखाली डबा उभा राहिला, दार आमच्या दाराकडं करून. परात मांडली, दगड सरकवले, चूल पेटली. मुक्काम बारा दिवस. आमच्या घरचं मीठसुद्धा घेतलं नाही. पाणी ओढ्यावरून आणायचे. अडचण एकच होती, रस्ता ओलांडून शेवंता माहेरी जायची. वीस पावलांचं माहेर. आईशी तिचं काही वाजलं की निघाली माहेरी. आणि तव्यावरची भाकरी फुगायच्या आत परत. आई म्हणायची, "असलं माहेर असल्यावर सासूनं जगायचं कसं?" पण डबा हलायच्या दिवशी आईच मामींना सोडायला वेशीपर्यंत जायची.

असे तीन हिवाळे गेले. चौथ्याला आमच्या मुलाचं बारसं होतं.

मामा डब्यातून निघाले तेव्हा धुतलेलं धोतर, काळा कोट. आमच्या उंबऱ्याशी जरा थांबले, मग आत आले. आईनं पाट मांडलेला, भोवती रांगोळी. शेवंतानं तांब्या भरून आणला आणि पुढं धरला. तांब्यातलं पाणी हलत होतं. मामांनी तांब्या घेतला नाही. ते तिच्या मागं बघत होते, माजघरातल्या घडवंचीकडं, जिच्यावर आमचा पाण्याचा हंडा असतो.

"परात आन," ते म्हणाले.

हंडा उतरवला. घडवंचीवर परात ठेवून पाणी ओतलं. पाणी सगळं भिंतीच्या अंगाला धावलं.

"इवाई, तुमचं घर कलतंय."

आबा उठून आले. आई म्हणाली, "तरीच ती भित वली ऱ्हाती. लगीन होऊन आले तवापासनं बोंबलतीय मी."

"चाळीस वर्सं ऱ्हातोय," आबा म्हणाले. "मला कसं कळलं न्हाई?"

"मला बी कळलं नसतं," मामा म्हणाले. "घर हलवल्याबिगर कळत न्हाई."

कोटाच्या खिशात त्यांच्या नेहमी दोन-चार खड्या असायच्या, कुठल्या कुठल्या रस्त्यावरच्या. त्यातली एक चपटी काढून त्यांनी घडवंचीच्या भिंतीकडच्या पायाखाली सरकवली. उकिडवे बसले, पाणी बघितलं, खडी जरा आत ढकलली, परत बघितलं. बारशाला जमलेल्या बायका पाळण्याकडं पाठ करून त्यांच्याकडं बघत उभ्या होत्या. पाणी उभं राहिलं. मग मामांनी हंडा वर चढवला, शेवंताच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानं पिऊन टाकला. परत भरून घेतला. तो प्याले. तिसरा भरायला लागले तेव्हा आबा म्हणाले, "आवं, बास की इवाई. जेवायचं हाय अजून."

"हंड्याचा शबूद दिलाय," मामा म्हणाले.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आबाही गेले. आमची ती भिंत कोरडी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी आई माजघर झाडत होती, तिच्या केरसुणीला ती खडी लागली. ती उचलून टाकायला निघाली तेव्हा आबा ओट्यावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. लेव्हलला हाय." ती अजून तिथंच आहे.